मामांची शेड आणि नाकाला झालेली सवय

वाचकाचा पेच : पत्रलेखक एकोणतीस वर्षांचे असून नागपुरात हिंगणा रोडच्या बाजूला राहतात. वडील लवकर गेल्यानंतर मामांनी घराला हात दिला आणि गेली सहा वर्षे ते मामांच्याच फायबरच्या शेडमध्ये काम करतात. मामा, दोन कारागीर आणि हे, असे चौघे मिळून कूलरच्या बॉडी, पाण्याच्या टाक्या आणि दुकानांपुढचे पुतळे तयार करतात, शिवाय जुन्या टाक्यांची दुरुस्तीही करतात. फेब्रुवारी ते मे या हंगामात रोज दहा-बारा तास काम चालते. ग्राइंडर लावला की अंगभर खाज सुटते, संध्याकाळी डोके जड होते आणि जेवणावरची वासना उडते. दोन वर्षांच्या मुलीच्या मानेवर पुरळ येते. ते बाबांच्या कपड्यांमुळे येते असे पत्नीचे म्हणणे आहे. काचेचे तंतू फुप्फुसात रुतून ॲस्बेस्टॉससारखा कर्करोग होतो, असे त्यांनी मोबाइलवर कुठेतरी वाचले आणि तेव्हापासून त्यांची झोप उडाली आहे. मास्क बांधला की मामा हसतात : "तीस वर्सं झाले, मले काय झालं? गुळाचा खडा खा अन् कामाले लाग." मामांना खरोखरच काही झालेले नाही, 'फक्त हल्ली थोडे कमी ऐकू येते', असे त्यांनी ओघात लिहिले आहे. घरोघरी जेवण पोचवण्याचे काम मिळू शकते, पण मामांना सोडणे त्यांना कृतघ्नपणाचे वाटते. मास्क नेमका कोणता घ्यावा, की काम सोडावे, असा त्यांचा प्रश्न आहे.

उत्तर :

तुमचे पत्र मी दोनदा वाचले. पहिल्या वाचनात तुमची भीती दिसली आणि दुसऱ्या वाचनात त्या भीतीचा क्रम लक्षात आला. तुम्ही सर्वांत जास्त घाबरता ते काचेच्या तंतूंना. डोके जड होणे तुम्ही हंगामाच्या थकव्यात जमा केले आहे. फायबरचे चिकट रेझिन घट्ट करणाऱ्या हार्डनरचा तर चार पानांच्या पत्रात एकदाही उल्लेख नाही. कारखान्यांतील सुरक्षिततेचे काम करण्यात माझी उमेदीची वर्षे गेली आणि त्या अनुभवावरून सांगतो की हा क्रम मी जवळजवळ उलटा लावीन : आधी हार्डनर, मग रेझिनचा वास, मग ग्राइंडरची बारीक धूळ आणि सर्वांत शेवटी ज्याने खाज सुटते तो तंतू. मास्क की राजीनामा, हा तुमचा प्रश्नही मला थोडा घाईचा वाटतो, कारण या दोन टोकांच्या मध्ये करण्यासारखे बरेच आहे आणि त्यातले पुष्कळसे फुकटात होणारे आहे.

आधी काचेबद्दल, म्हणजे निदान तुमची झोप तरी परत येईल. तुम्ही रेझिनमध्ये भिजवून जी काचेची मॅट वापरता तिच्यातील तंतू सलग ओढलेल्या काचेचा असतो आणि त्याची जाडी साधारणपणे ९ ते २५ मायक्रॉन असते. श्वासाबरोबर फुप्फुसाच्या तळापर्यंत पोचायचे तर तंतू साधारण ३ मायक्रॉनपेक्षा बारीक असावा लागतो. ॲस्बेस्टॉसची मेख अशी आहे की त्याचा तंतू उभा चिरत जातो आणि प्रत्येक वेळी अधिक बारीक होतो. काचेचा तंतू मात्र आडवा मोडतो, म्हणजे आखूड होतो पण बारीक होत नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २००१ साली या सलग तंतूच्या काचेला 'मानवात कर्करोगकारक म्हणून वर्गीकरण करता येत नाही' अशा गटात ठेवले. तंतू जाड असतो म्हणूनच तो टोचतो आणि टोचतो म्हणून खाज सुटते. खाज त्रासदायक आहे यात शंका नाही, पण ती कातडीवर झालेल्या घर्षणाची तक्रार आहे. छातीत काय चालले आहे याची ती खूण नव्हे.

याचा अर्थ ग्राइंडरची धूळ निरुपद्रवी आहे असा मात्र घेऊ नका. कडा घासताना उडते ती नुसती काच नसते. त्यात घट्ट झालेल्या रेझिनचा चुरा, जेलकोटचा, म्हणजे सर्वांत वरच्या थराचा, रंग आणि पुट्टीतील भुकटी असते आणि त्यातला बारीक भाग छातीपर्यंत नक्की पोचतो. सकाळी उठल्यावर खोकला येणे, सुट्टीच्या दिवशी छाती मोकळी वाटणे आणि सोमवारी पुन्हा दाटणे असे तुमच्या चौघांपैकी कोणाला होत असेल तर त्याने थांबू नये, छातीच्या डॉक्टरांकडे जावे आणि जाताना आपण काय काम करतो हे स्वतःहून सांगावे, कारण ते विचारतीलच असे नाही.

ॲस्बेस्टॉसची भीती तुम्हाला बाळगायचीच असेल तर मान वर करा. तुमच्या शेडचे छप्पर जुन्या करड्या सिमेंटच्या पत्र्यांचे असेल, तर त्या पत्र्यात ॲस्बेस्टॉस असण्याची दाट शक्यता आहे. पुढे मी पंखा बसवायला सांगणार आहे, म्हणून आधीच बजावून ठेवतो : त्या पत्र्याला ड्रिल किंवा कटर लावू नका. भोक पाडायचे ते विटांच्या भिंतीला पाडा.

आता वासाकडे येतो. पॉलिएस्टर रेझिन पातळ राहते ते स्टायरिनमुळे आणि ड्रममधील साधारण एक तृतीयांश किंवा त्याहून अधिक भाग स्टायरिनचाच असतो. मॅटवर रोलर फिरवता तेव्हा त्यातील काही भाग घट्ट होण्याआधीच हवेत उडून जातो. संध्याकाळचे डोके जड होणे, मळमळ, जेवण नकोसे होणे, न पिता आलेली झिंग ही स्टायरिन जास्त झाल्याची जुनी आणि ओळखीची लक्षणे आहेत. तुमच्या पत्रातील लक्षणे याच्याशी इतकी जुळतात की मी त्यांना हंगामाचा थकवा म्हणायला तयार नाही. याच संशोधन संस्थेने २०१८ मध्ये स्टायरिनला 'बहुधा कर्करोगकारक' या वरच्या गटात घेतले. तुम्ही घाबरलात ते ज्या गोष्टीला, तिला त्यांनी कर्करोगकारक म्हटले नाही आणि ज्या गोष्टीची तुम्हाला सवय झाली तिला वर नेले, एवढे लक्षात घ्या.

"आता वास येतच नाही, सवय झाली" असे तुम्ही लिहिले आहे. हे वाक्य मी असंख्य शेडमध्ये ऐकले आहे. स्टायरिनचा वास माणसाच्या नाकाला हवेच्या दहा लाख भागांत एका भागाहूनही कमी असताना लागतो, पण थोड्याच वेळात नाक बधिर होते आणि मग पन्नास भाग असले काय, दोनशे असले काय, त्याला फरक कळत नाही. अमेरिकेतील कामगार-आरोग्याच्या संशोधन संस्थेने कामाच्या दिवसाची सरासरी ५० भागांच्या आत ठेवण्याची शिफारस केलेली आहे, तर तिथल्या जुन्या कायद्याची मर्यादा १०० ची आहे. बंद शेडमध्ये चार माणसे एकाच वेळी टाकीला मॅट लावत असतील तर ही मर्यादा ओलांडायला वेळ लागत नाही. म्हणून नाकाला विचारू नका. दुपारी जेवायला बाहेर गेलात की परत आत शिरताना पहिल्या दोन श्वासांत काय लागते तेवढेच खरे माना, आणि त्याहून सोपे म्हणजे बाहेरून आलेल्या गिऱ्हाइकाचा चेहरा पाहा.

नागपूरच्या उन्हाळ्याने यात आणखी एक भर घातली आहे. स्टायरिनची वाफ सुमारे ३१ अंशांपासून ठिणगीने पेट घेऊ शकते. आपल्याकडे मार्चमध्येच पारा पस्तिशी ओलांडतो आणि मे महिन्यात पंचेचाळिशी गाठतो, म्हणजे कूलरच्या बॉडीला जेव्हा सर्वांत जास्त मागणी असते, नेमका तोच काळ उघडा ड्रम सर्वांत धोकादायक असण्याचा आहे. ही वाफ हवेपेक्षा साडेतीन पटींहून जड असते आणि खाली, कोपऱ्यात, खड्ड्यात साचते. ग्राइंडरची ठिणगी, वेल्डिंग, उदबत्ती, बिडी यांपैकी काहीही रेझिनच्या टेबलाजवळ असू नये. शेडमध्ये देव्हारा असेल तर दिवा रेझिनपासून लांब, दाराबाहेर लावा. देव समजून घेईल.

हार्डनरबद्दल मी जरा कडक बोलणार आहे. पाण्यासारखा दिसणारा, मिथाइल इथाइल कीटोन पेरॉक्साइड नावाचा हा द्रव शंभर भाग रेझिनला एक ते दोन भाग लागतो, म्हणून तो किरकोळ वाटतो. याचा एक थेंब डोळ्यात गेला तर दृष्टी कायमची जाऊ शकते. त्यावर उपाय एकच आहे : त्याच क्षणी स्वच्छ वाहते पाणी आणि तेही पापण्या उघड्या धरून निदान पंधरा-वीस मिनिटे. दूध, तूप, गुलाबपाणी असले काही घालण्यात जाणारा प्रत्येक सेकंद डोळ्याच्या खात्यातून वजा होतो. धुऊन झाल्यावर मेडिकल, मेयो किंवा जवळ असेल त्या डोळ्यांच्या रुग्णालयात तडक जा आणि बाटलीवरचे लेबल बरोबर न्या. जिथे हार्डनर मोजता तिथून दहा पावलांच्या आत नळाला जोडलेली नळी किंवा तोटी असलेला वीस लिटरचा कॅन असलाच पाहिजे. कुलपाच्या मागचा नळ चालणार नाही. मोजणाऱ्याने बाजूने बंद असलेला चष्मा घातल्याशिवाय बाटलीचे झाकण उघडू नये, आणि हा नियम मामांनाही लागू आहे.

दुसरे, हार्डनर आणि रेझिन लवकर घट्ट व्हावे म्हणून त्यात घालतात ते कोबाल्ट यांची थेट गाठ कधीही पडू देऊ नका. दोन्ही एकत्र आले तर भडका उडतो, क्वचित स्फोटही होतो. कोबाल्ट आधी रेझिनमध्ये पूर्ण ढवळायचे आणि मगच हार्डनर घालायचा. दोन्हींना मोजमापाचे वेगळे कप, वेगळ्या सिरिंज आणि वेगळी फळी हवी. ॲसिटोनही हार्डनरपासून लांब ठेवा. आणि तुमच्या शेडमध्ये हार्डनर थंड पेयाच्या रिकाम्या बाटलीत ओतून ठेवण्याची पद्धत असेल, जी मी फार ठिकाणी पाहिली आहे, तर हे उत्तर बाजूला ठेवून आधी ती बाटली शोधा. उन्हाळ्यात तहानलेला माणूस बाटली पाहतो, लेबल पाहत नाही. साठा आठवड्याला पुरेल इतकाच आणा आणि जाड भिंतीच्या, ऊन न येणाऱ्या खोलीत, मूळ डब्यातच ठेवा.

एका कारखान्यात, मे महिन्यातील दुपारी, जेवणाची सुट्टी झाली म्हणून कोणीतरी हार्डनर घातलेले चार-पाच किलो रेझिन बादलीत तसेच सोडून गेला होता. आम्ही परतलो तेव्हा बादलीचा तळ मऊ पडून वाकला होता, आतला गोळा तडकून तडतड वाजत होता आणि त्यातून निघणारा पांढरा धूर छपराखाली तरंगत होता. शेजारी चिंध्यांचे पोते होते. त्याने पेट घेतला नाही हे आमचे नशीब. रेझिन घट्ट होताना स्वतःच उष्णता सोडते आणि गोळा जितका मोठा तितकी ती उष्णता आत कोंडते. म्हणून लागेल तेवढेच मिसळा आणि उरलेले पसरट ट्रेमध्ये पातळ पसरून शेडबाहेर ठेवा. हार्डनर लागलेल्या चिंध्या पाणी भरलेल्या, झाकणाच्या लोखंडी डब्यात टाका.

आता हवा. याचे शास्त्र नागपूरकराला वेगळे शिकवायला नको, कारण ते आपण दर उन्हाळ्यात घरात वापरतो : समोरची खिडकी उघडी नसेल तर कूलर थंडावा देत नाही, नुसता दमट चिकटा करतो, हे इथल्या शाळकरी पोरालाही ठाऊक असते. शेडमध्येही तेच. हवा एका बाजूने आत यायला हवी आणि दुसऱ्या बाजूने बाहेर जायला हवी. मध्ये लटकलेला छताचा पंखा वास फक्त सगळ्यांना सारखा वाटून देतो. तुम्ही कूलरच्या बॉडी बनवता, तेव्हा एखादा मोठा कूलर दारापाशी आत हवा फेकेल असा लावणे तुमच्या हातचे आहे. मात्र त्याचा पाण्याचा पंप बंद ठेवा, कारण ओलावा मॅटमध्ये शिरला की जोड कच्चे राहतात आणि मामा मास्कवर हसतात त्याहून जास्त तुमच्यावर रागावतील. समोरच्या भिंतीत बाहेर ओढणारा एक्झॉस्ट पंखा टेबलाच्या उंचीला किंवा त्याच्याही खाली बसवा. छपराजवळचा पंखा जड वाफेला नाकावरून वर ओढत नेतो. शक्य असेल तर ठिणगी न पडणाऱ्या बंद मोटरचा पंखा घ्या आणि तो शेजाऱ्याच्या खिडकीकडे तोंड करून बसवू नका. काम करताना वारा पाठीवर न घेता अंगाच्या बाजूने जाईल असे उभे राहा. पाठीवर घेतला की शरीराच्या आडोशाला भोवरा तयार होतो आणि वाफ नेमकी तोंडाशी घुटमळते. टाकीच्या आत उतरून मॅट लावायची वेळ आली तर आत हवा फेकणारी नळी आणि बाहेर लक्ष ठेवणारा माणूस, या दोन्हींशिवाय कोणीही उतरू नये.

तुमचा खरा घात उन्हाळ्यापेक्षा डिसेंबरात होत असावा असा माझा अंदाज आहे, कारण थंडीत शटर खाली ओढून काम करण्याची सवय सगळीकडे आहे. स्वेटर घाला, पण शटर उघडे ठेवा. आणि उन्हाळ्यात मॅट लावण्याचे काम पहाटे सहा ते दहा या वेळात आटोपून दुपार साच्यांना वॅक्स लावण्यासारख्या बिनवासाच्या कामांना द्या. गारव्यात स्टायरिन कमी उडते, रेझिनही हाताबाहेर जात नाही आणि माणसेही कमी थकतात.

धुळीवरचा सर्वांत चांगला उपाय ती निर्माणच न करणे हा आहे आणि तो बहुधा तुमच्या मामांना माझ्याहून चांगला येतो. रेझिन थिजून जेल झाल्यावर आणि दगडासारखे कडक होण्याआधी एक अवस्था येते, जेव्हा माल चपलेच्या चामड्यासारखा असतो. तेव्हा धारदार सुरीने कडा कापल्या तर धूळ उडतच नाही. ग्राइंडर स्वस्त होण्याआधी सगळे जुने कारागीर असेच कापत. ही वेळ ऋतूप्रमाणे बदलते, ती बोटाने दाबून ओळखावी लागते आणि ती ओळख पुस्तकातून येत नाही. उरलेले घासकाम वॉटर पेपरने ओले करून हाताने करा. विजेच्या ग्राइंडरवर मात्र पाणी ओतू नका, शॉक लागून माणूस जायचा. ग्राइंडर वापरावाच लागला तर शेडच्या बाहेर, वारा धूळ शेडपासून दूर नेईल अशा एका ठरलेल्या जागी वापरा आणि बारीक धूळ अडवणाऱ्या फिल्टरचा व्हॅक्यूम त्याला जोडता आला तर उत्तम. झाडू मारून आणि कॉम्प्रेसरची हवा मारून तुम्ही सकाळी बसलेली धूळ संध्याकाळी परत छातीत घेता. ओल्या कापडाने किंवा पाणी शिंपडून गोळा करा. कॉम्प्रेसरने अंगावरचे कपडे झटकणे तर आजपासून बंद.

एवढे केल्यावर मास्कचा प्रश्न येतो. तो मी मुद्दाम मागे ठेवला, कारण मास्क घेतला की बाकीचे काही करायला नको असे सगळ्यांना वाटते. तोंडाला बांधलेला दुपट्टा उन्हापासून वाचवतो. धुळीपासून थोडेफार आणि वाफेपासून अजिबात नाही. करोनाच्या काळातला एन-९५ धुळीला चालतो, पण स्टायरिनची वाफ त्यातून जणू तो नाहीच अशी पार होते, आणि नेमका तोच घालून रेझिनवर वाकलेली माणसे मी सर्वांत जास्त पाहतो. तुम्हाला हवा तो रबराचा किंवा सिलिकॉनचा अर्धा मास्क, ज्याच्या दोन्ही गालांवर सेंद्रिय वाफेचे काडतूस, म्हणजे कार्ट्रिज, आणि त्यावर धुळीचा फिल्टर असतो. रेझिनच्या एका ड्रमच्या किमतीपुढे त्याची किंमत किरकोळ आहे. तो चेहऱ्याला चिकटून बसला पाहिजे : दोन्ही कार्ट्रिज तळहातांनी झाकून श्वास आत ओढा; मास्क चेहऱ्यावर दबून राहिला तर बसला, हवा कडेने आली तर बसला नाही. दाढी असेल तर तो बसणारच नाही. कार्ट्रिज हवेत उघडे ठेवले तर ते न वापरताही संपत जाते, म्हणून काम झाल्यावर हवाबंद डब्यात ठेवा, पहिल्यांदा उघडल्याची तारीख त्यावर लिहा, आणि मास्कच्या आत वास येईपर्यंत थांबू नका. विक्रेत्याकडून कंपनीने सांगितलेली मुदत विचारून त्याआधीच बदला. पंचेचाळीस अंशांत हा मास्क तासन्‌तास घालवत नाही हे मला ठाऊक आहे. म्हणूनच आधी हवा आणि पहाटेची वेळ, आणि मास्क फक्त मॅट लावण्याच्या त्या कामापुरता.

कातडीसाठी सैल, पूर्ण बाह्यांचे सुती कपडे घाला. घट्ट कपडा तंतू आत दाबतो. खाज सुटली तर खाजवू किंवा चोळू नका, आधी वाहत्या पाण्याखाली धरा आणि मग साबण लावा. रुतलेले तंतू चिकटपट्टी लावून उचलता येतात. हात ॲसिटोनने धुण्याची जी सर्रास पद्धत आहे ती सोडा : त्याने कातडीचे तेल निघून जाते, भेगा पडतात आणि मग रेझिन आणि कोबाल्ट दोन्ही सहज आत शिरतात. घट्ट न झालेले रेझिन हातावरून खाद्यतेलाने सैल करून साबणाने निघते. रेझिनसाठी नायट्राइल रबराचे हातमोजे घाला आणि चिकट झाले की बदला. ॲसिटोन मात्र त्यांच्यातून काही मिनिटांत पलीकडे येते, म्हणून त्यात हात बुडवून ब्रश धुवायचे नाहीत.

मुलीच्या मानेवरच्या पुरळाबाबत तुमच्या पत्नीचे म्हणणे मला पटते. बाबा दारात आले की ती तुमच्या खांद्यावर तोंड घासत असेल आणि खांद्यावर दिवसभराची धूळ असते. कामाचे कपडे शेडमध्येच काढा, तिथेच हात-तोंड-केस धुवा आणि दुसरे कपडे घालून घरी जा. ते कपडे घरच्या कपड्यांत मिसळू नका. वेगळ्या बादलीत, न झटकता, दोनदा खळबळून काढा, आणि मशीन वापरत असाल तर नंतर ते एकदा रिकामे फिरवा. पंधरा दिवसांत पुरळ गेले नाही तर बालरोगतज्ज्ञांना दाखवा, कारण उन्हाळ्यात पुरळ यायला आणखीही कारणे असतात. तुम्ही जे करत आहात ते वर्कशॉपपुरते राहावे आणि उंबरठ्याच्या आत येऊ नये, यात तुमच्या पत्नीला मदत म्हणून नव्हे तर स्वतःची जबाबदारी म्हणून लक्ष घाला.

आता मामा. गुळाला माझा विरोध नाही, पण गूळ पोटात जातो आणि धूळ श्वासनलिकेत. दोघांची वाट वेगळी आहे. तीस वर्षांत मामांना काही झाले नाही, हे तुम्ही आणि ते दोघेही धरून चालता आणि त्याच ओळीत तुम्ही लिहिता की त्यांना हल्ली कमी ऐकू येते. ग्राइंडरचा आवाज ९० डेसिबलच्या वर सहज जातो, तो एकटाच कान बिघडवायला पुरेसा आहे. आणि स्टायरिन कानालाही अपाय करते व मोठ्या आवाजाच्या जोडीने तो अपाय वाढतो, हे आता चांगले माहीत झालेले आहे. रंगांतील बारीक फरक ओळखण्याची नजरही त्याने मंदावू शकते. मामांच्या बाबतीत हे वयाने झाले, आवाजाने झाले की वासाने, ते मी इथे बसून सांगू शकत नाही. पण एक विचारतो : जेलकोटच्या रंगाची छटा जुळवायला मामा हल्ली तुम्हाला हाक मारतात का? तसे असेल तर त्यांची कानांची आणि डोळ्यांची तपासणी करून घ्या आणि डॉक्टरांना कामाचे स्वरूप सांगा. सलग कामाच्या दिवसाच्या शेवटी लघवीतील मँडेलिक ॲसिड तपासले तर शरीरात स्टायरिन किती जाते याचा अंदाज येतो. ही तपासणी मोठ्या प्रयोगशाळांकडे विचारावी लागेल.

त्यांच्याशी बोलताना "हे काम घातक आहे" असे सुरू करू नका. ज्या कामावर त्यांनी दोन घरे चालवली, ते वाईट होते असे भाच्याकडून ऐकणे कोणालाही सोसत नाही आणि मग हसण्याशिवाय त्यांच्याकडे उत्तर उरत नाही. मास्कही त्यांच्या देखत पहिल्यांदा एकट्याने घालून दाखवू नका. चार मास्क आणा आणि मामांचा आधी द्या. पैशांची भाषा त्यांना कळते : हार्डनरचे वाया जाणारे डबे, घासून संपणाऱ्या डिस्क, हंगामात चार दिवस घरी बसणारा कारागीर. रेझिन विकणाऱ्याकडून त्या-त्या रसायनाचे सुरक्षितता पत्रक मागा. शेडवाले त्याला एमएसडीएस म्हणतात. तुमच्या तोंडून न पटणारी गोष्ट कंपनीच्या छापील कागदावरून पटते असा माझा अनुभव आहे, जरी ते मामालोकांनी कधी कबूल केले नाही.

राहिले काम सोडण्याचे. जेवण पोचवण्याच्या कामात रेझिन नाही, पण मे महिन्याच्या दुपारी वर्धा रोडवर दुचाकीवर असणे हे काही निर्धोक काम नव्हे, आणि तुमचे सहा वर्षांचे कसब त्यात मातीमोल होईल. म्हणून मी तुम्हाला आजच सोडा असे म्हणणार नाही, पण मुदत घाला. होळीपर्यंत भिंतीत पंखा, पाण्याचा कॅन, हार्डनरची वेगळी फळी आणि घासण्याची बाहेरची जागा एवढ्या चार गोष्टी झाल्या, तर थांबा. झाल्या नाहीत आणि डोके तसेच जड होत राहिले, तर सोडा, आणि मामांना खरे कारण सांगून सोडा. एक गोष्ट मात्र मुदतीत बसत नाही : छातीत शिट्टीसारखा आवाज येऊ लागला, दम लागू लागला किंवा हार्डनर डोळ्यात जाऊनही मामा चष्म्याला नाही म्हणाले, तर त्या दिवसानंतर शेडमध्ये जाऊ नका. मामांचे ऋण डोळे किंवा छाती देऊन फेडावे, अशी अपेक्षा त्यांनी तुमच्या घराला हात दिला तेव्हा नक्कीच केली नसेल.

सुरुवात सुरीपासून करा. उद्या सकाळी पहिली बॉडी जेल व्हायला लागली की ग्राइंडर जोडण्याआधी मामांना विचारा, पूर्वी कडा कशा कापत होता आणि नेमकी कोणत्या वेळी कापत होता, आणि त्यांनी बोट दाबून दाखवले की तुमचेही बोट तिथेच ठेवा.